मार्करकडे राहिलेला कप

माझे सासरे रायप्पन मद्रासकडच्या डोंगरातल्या कोटगिरीच्या क्लबात टेनिसचे मार्कर होते. मार्करनं कोर्ट राखायचं, आणि एखाद्या मेंबराला जोडीदार मिळाला नाही की त्याच्यासमोर उभं राहून खेळायचं. एकोणचाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. मामा खोटं बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. तरी अडुसष्ट सालच्या एप्रिलात पंधरा दिवस मी त्यांच्याकडे चोराकडे बघावं तशी बघत होते. देवानं मला क्षमा करावी.

या क्लबात गोऱ्यांच्या वेळेपासून दर मे महिन्यात हिल कपची स्पर्धा व्हायची. मद्रासचे साहेब उन्हाळ्याला वर येत, जवळच्या वेलिंग्टनच्या छावणीतून लष्करातले येत, मळेवाले तर असतच. मडमा छत्र्या घेऊन बसत. मार्करला स्पर्धेत नाव घालता येत नसे, कारण तो पगारी. सकाळी ज्याला सराव देताना मामा तीन-तीन सेट हरवत, तोच संध्याकाळी कप उचलायचा आणि मामा टाळ्या वाजवायचे. स्वातंत्र्यानंतर गोरे एकेक करून गेले. सत्तावन्न साली यादीत सहाच नावं उरली. चहामळ्याचे प्रिंगल दोरै, म्हणजे प्रिंगल साहेब, जिंकले, मळा विकून जुलैत बोटीत बसले. पुढच्या वर्षी स्पर्धेची पाटीच लागली नाही, ती आजतागायत.

मामा मात्र दर एप्रिलला डोंगरउतारावरून वारुळाची माती आणायचे. ती चाळून, शेणात कालवून एक नंबरचं कोर्ट सारवायचे, रोलर फिरवायचे, चुन्याच्या रेघा ओढायचे. बाकीच्या दोन कोर्टांत गवत माजलं होतं. मला वाटायचं, सवय आहे म्हाताऱ्याची.

मग चेंगप्पा म्हणून नवे सेक्रेटरी आले, लष्करातून निवृत्त झालेले. क्लबाला ऐंशी वर्षं होणार म्हणून त्यांनी कपाटातल्या वस्तू मोजल्या. हिल कप नव्हता. रजिस्टरात शेवटची नोंद प्रिंगलच्या अक्षरात होती: कप मार्करकडे.

ते थेट आमच्या क्वार्टरच्या दारात आले.

"रायप्पन, कप कुठाय?"

"आहे, दोरै."

"आहे तर आण."

"मे लागू द्या."

"मे कशाला? मी काय आंबे मागतोय?"

चेंगप्पांनी माझ्याकडे बघितलं, आमच्या भांड्यांच्या फळीकडे बघितलं. जाताना म्हणाले, "मेच्या पहिल्या शनिवारपर्यंत कप आला नाही, तर सोमवारी क्वार्टर रिकामं करायचं. मग पोलीस काय ते बघतील."

दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या क्लबात पसरली. तिथला स्वैपाकी लुर्दुसामी नळावर मला म्हणाला, "काय गं सगायम, हल्ली चांदीच्या ताटात जेवता म्हणे?" मी घागर अर्धीच भरून परत आले.

माझे यजमान सवरिमुत्तु चहाच्या कारखान्यात होते. ते म्हणाले, "विसरले असतील बाबा. कुणाला तरी दिला असेल." पण विसरलेला माणूस 'आहे' कसं म्हणेल? मंगळवारी मी संत अंतोणियारच्या देवळात गेले. हरवलेलं तो शोधून देतो म्हणून लोक मेणबत्ती लावतात. मी लावली ती कप सापडू नये म्हणून; सापडला तर आमच्याच घरात सापडेल, ही भीती.

गुरुवारी यजमानांचा बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता म्हणून मी मामांची पत्र्याची ट्रंक उघडली. सासूबाईंच्या लग्नाच्या साडीखाली फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला कप होता. त्याला खडूच्या भुकटीचा ताजा वास येत होता. नुकताच घासलेला.

मामा दारात उभे होते.

"ठेव," ते म्हणाले. "तुझ्या हाताचे डाग पडतील."

"मामा, हा क्लबाचा आहे."

"आहेच. मी कुठं नाही म्हणतोय?"

मग ते उंबऱ्यावर बसले आणि पहिल्यांदाच सगळं बोलले. स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे प्रिंगल दोरै एकटेच कोर्टवर आले. म्हणाले, रायप्पन, वीस वर्षं तू मला हरवतोयस आणि कप मी नेतोय. आज कपासाठी खेळ. पाच सेट झाले. मामा जिंकले. प्रिंगलनी जाळीवरून कप त्यांच्या हातात दिला आणि ऑफिसात जाऊन ती नोंद केली.

"साक्षीला कोण होतं?"

"धुकं."

"पोलिसांना धुकं चालत नाही, मामा. आणि जिंकलात तर अकरा वर्षं परत का नाही दिलात?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच वेडी. "परत कसा देणार? मागच्या वेळी जिंकलेल्यानं मेच्या पहिल्या शनिवारी, पांढऱ्या कपड्यांत, एक नंबरच्या जाळीपाशी कप सेक्रेटरीच्या हातात द्यायचा. मग नवा खेळ सुरू. तीच पद्धत आहे. मी दरवर्षी कोर्ट तयार ठेवतो. हे लोक स्पर्धाच लावत नाहीत. कपाटात गुपचूप नेऊन ठेवू? ते चोराचं काम."

मी ऐकलं, पण माझं मन काही मानेना. इतकी बेतून रचलेली गोष्ट! आणि एखादा माणूस चोरी झाकायलासुद्धा अकरा वर्षं माती चाळू शकतो. जपमाळ हातात घेतली तरी मणी पुढे सरकेनात. खरं काहीही असलं तरी शनिवार दोन दिवसांवर होता.

शुक्रवारी मीच ऑफिसात गेले.

"दोरै, उद्या सकाळी सात वाजता एक नंबरच्या जाळीपाशी या. कप मिळेल."

"ही काय नवी थेरं?"

"जुनीच आहेत."

"त्यानं विकला नाही ना? की दुसराच कुठलातरी डबा चकचकीत करून आणतोय?"

"येऊन बघा," मी म्हणाले. मला तरी कुठं खात्री होती?

शनिवारी मामांनी पिवळट पडलेली पांढरी पॅन्ट दोरीनं कमरेला बांधली आणि दाढी करून जाळीपाशी उभे राहिले. मी रोलरजवळ थांबले. चेंगप्पा रजिस्टर काखोटीला मारून आले. मामांनी दोन्ही हातांनी कप पुढे केला. चेंगप्पांनी तो उलटासुलटा केला, बुडावर नख वाजवलं, बैठकीवरच्या विजेत्यांच्या नावांच्या पट्ट्या एकेक करून मोजल्या. सगळ्या होत्या. मग रजिस्टर उघडून त्यांनी उभ्या-उभ्याच एक ओळ लिहिली.

"कर सही."

"काय लिहिलंय?" मामांनी विचारलं. "सगायम, वाच. माझी सून कॉन्व्हेंटात आठवीपर्यंत शिकलीय, दोरै."

मी वाचलं. इंग्रजीत लिहिलं होतं: हिल कप जुन्या सामानात सापडला, मार्करनं आणून दिला. तेवढं ऐकलं असतं तर मामांनी सही केली नसती. सही झाली नसती तर सोमवारी आमची चूल रस्त्यावर आली असती. आणि चेंगप्पांना तमिळ आमच्याइतकंच येत होतं.

मी तमिळमध्ये मोठ्यानं वाचलं, "हिल कप. मागच्या विजेत्याकडून पद्धतीप्रमाणे परत मिळाला."

चेंगप्पांनी मान वर केली. चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

"बरोबर ना, दोरै?" मामांनी विचारलं.

चेंगप्पांनी एकदा कोर्टाकडे पाहिलं. रात्रीच्या दवानं सारवण गडद झालं होतं, रेघा मात्र लख्ख होत्या.

"बरोबर," ते म्हणाले.

मामांनी तमिळमध्ये, एकेक अक्षर जोडत सही केली. चेंगप्पांनी ती वाळेपर्यंत फुंकर घातली.

"आणि क्वार्टर?" मी हळूच विचारलं.

"राहा." मग आवाज खाली आणून मला म्हणाले, "हा जिंकला होता, यावर तुझा विश्वास आहे का?"

"ठाऊक नाही, दोरै."

"मलाही नाही," असं म्हणून ते कप घेऊन निघाले.

मामा जाळीपाशीच उभे होते. आता कुणीतरी रॅकेट घेऊन येईल, नवा खेळ सुरू होईल, म्हणून वाटेकडे बघत होते. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मी त्यांना तांदळाची कांजी प्यायला घरात नेलं.