वरचा सात, खालचा सात

दिग्ना फारिनांगो कशालाही घाबरायची. फोन वाजला की दचकायची, साहेबांच्या बुटांचा आवाज आला की हातातलं बिस्किट हातातच राहायचं. बारा वर्षं तिने गुलाब कापले, रविवारच्या शाळेत कॉम्प्युटर शिकली आणि फुलांच्या कंपनीच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर आली. तरी तिला वाटायचं, कुणीतरी येऊन म्हणेल, ऊठ, ही तुझी जागा नाही. "नीट मागे टेकून बस गं, खुर्ची चावत नाही," मी चिडवायची. ती हसायची आणि काठावरच बसायची.

आमचे मळे दोन. डोंगराकडचा वरचा, रस्त्याकडचा खालचा. दोन्हीकडे पॉलिहाऊसचे नंबर एकपासूनच, म्हणून नुसतं 'सात' इथे कुणी म्हणत नाही. वरचा सात, खालचा सात. दर महिन्याला फवारणीच्या माणसांचं रक्त तपासतात. धडधाकट माणसाचा आकडा शंभराच्या आसपास असतो. सत्तरच्या खाली गेला की विष भिनायला लागलं समजायचं आणि त्या माणसाला औषधापासून लांब ठेवायचं. या आकड्यांचा आलेख दिग्ना काढायची. प्रत्येक पॉलिहाऊसमधल्या माणसांच्या सरासरीचा एक खांब, खांबाखाली त्याचा नंबर आणि त्याखाली दुसऱ्या ओळीत गटाचं नाव: नऊ खांबांखाली 'वरचा मळा', बारा खांबांखाली 'खालचा मळा'.

जानेवारीत आमचे साहेब, इंजिनियर व्हियासीस, तो कागद बघून वैतागले. खांब इतके, की लेबलं तिरकी होऊन एकमेकांवर चढली होती. दिग्नाला ते लाडात दिग्निता म्हणत.

"दिग्निता, हे वाचायला मान मोडून घेऊ का मी? ती खालची ओळ काढ. पुढच्या महिन्यात फुलं विकत घेणारे पाहुणे यायचेत, जरा सुटसुटीत दिसू दे."

तिने मळ्यांची ओळ काढली. आलेख छान दिसायला लागला. साहेब शाब्बास म्हणाले, मीही म्हणाले. एकवीस खांबांचे बारा झाले होते, पण आम्हा तिघांपैकी कुणीच ते मोजले नाहीत.

फेब्रुवारीत, प्रेमिकांच्या दिवसाच्या गुलाबांची घाई चालली होती, तेव्हा एका दुपारी तारहेलिया किश्पे आमच्या खिडकीशी हजेरीची सही करायला आली. ती वरच्या सातात फवारणीचा पाइप ओढायची. तिच्या धाकटीची दिग्ना धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. तारहेलियाला पेन धरता येईना.

"काय गं, कालची जत्रा उतरली नाही वाटतं?" मी म्हणाले.

"कुठली जत्रा! चार दिवस पोटात अन्न ठरत नाही. आमच्यातल्या पाचजणांचं हेच चाललंय." तिने डोळे पुसले. डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. "पण मुकादम म्हणाला, कोमाद्रेच्या कागदावर सात नंबर ठीक आहे. मग ठीकच असणार. दोनला परत फवारणी आहे, जाते मी."

ती वळताच दिग्नाने आलेख उघडला आणि मळ्यांची ओळ परत लावली. सातचा खांब दुभंगला. खालचा सात शहाण्णव. वरचा सात अठ्ठावन्न. ओळ नव्हती तेव्हा कॉम्प्युटरने दोन्ही सातांची सरासरी काढून सत्त्याहत्तर दाखवले होते. महिनाभर माणसं त्या आकड्याच्या भरवशावर विषात उभी होती.

दिग्नाने पान खाली सरकवलं. आलेखाच्या तळाशी तिचंच नाव होतं.

"गप्प बस," मी कुजबुजले. "दुरुस्त कर, नवा पाठवून दे. कुणाला कळतंय?" हे मी बोलले, याची मला आजही लाज वाटते.

"दोनला फवारणी आहे," ती म्हणाली. घड्याळात पावणेदोन झाले होते. साहेब पाहुण्यांबरोबर बैठकीत, फोन बंद ठेवून बसलेले.

तिने कागद छापला. बैठकीच्या दारापर्यंत मी तिच्यामागे गेले. दार उघडताच साहेबांनी हात हलवला.

"नंतर, दिग्निता."

"नंतर नाही, साहेब." आवाज इतका बारीक, की पाहुण्यांतल्या एका बाईने पुढे वाकून ऐकलं. "वरच्या सातातली माणसं बाहेर काढा. आत्ता."

साहेबांनी कागद पाहिला. कान लाल झाले. "ही चूक कुणाची?"

मला वाटलं, आता सांगेल की ओळ तुम्हीच काढायला लावलीत.

"माझी," ती म्हणाली. "खाली नाव आहे माझं."

पाहुणीने कागदासाठी हात पुढे केला. तेव्हा कुठे साहेबांनी वॉकीटॉकी उचलला आणि वरच्या सातची फवारणी थांबवली. दिग्ना बाहेर येऊन व्हरांड्यातल्या फरशीवरच बसली. "काढतील ना गं मला?" एवढंच विचारत राहिली.

तिला काढलं नाही. पाहुणीने तो आलेख दर महिन्याला मागायला सुरुवात केली, मग कोण काढणार? आता तो तिरक्या लेबलांसकट अंगणातल्या भिंतीवर लागतो. लावण्याआधी दिग्ना बोट ठेवून एकवीस खांब मोजते आणि मग मला मोजायला लावते. घाबरते अजून तेवढीच.

तारहेलिया अकरा दिवस दवाखान्यात होती. आता ती मळ्याच्या स्वयंपाकघरात मक्याचे दाणे निवडते, पाइप तिला धरवत नाही. आलेख लागला की ती येते, मान वाकडी करून आपल्या माणसांचा खांब शोधते. बोट थरथरतं आणि शेजारच्या आठावर घसरतं. दिग्ना तिचा हात धरते आणि सातावर नेऊन ठेवते.

"हा गं, कोमाद्रे. वरचा."