आधी-मग बाई

मुरबाड रस्त्यावरच्या एका नर्सिंग संस्थेने माझ्या मुलीला फसवलं. कोर्सला मान्यता आहे असं सांगून प्रवेश दिला, आणि मान्यता नव्हती. हे कळल्यावर मुलगी नाव काढायला गेली, तर तिचे मूळ दाखले अडवून ठेवले. हे पहिल्या झटक्यात सांगून टाकतो, कारण ज्या बाईंबद्दल लिहायला बसलोय त्यांना असंच लागायचं. "आधी काय झालं ते सांगा. कसं वाटलं ते मग." समोर रडणारी पोर असो की टेबलावर मूठ आपटणारा बाप, हे वाक्य चुकायचं नाही. कॉलेजची पोरं त्यांना आधी-मग बाई म्हणत. तोंडावरही म्हणत.

शहापूरच्या कोर्टात विधी सेवा समितीची एक खोली आहे. तिथे गरजवंताला फुकट वकील मिळतो. बाई त्यातल्या एक. राहायला मात्र मुरबाडला. सुट्टीच्या शनिवारी त्या एसटी स्टँडमागच्या झेरॉक्सच्या दुकानात खुर्ची टाकून बसायच्या. घरी का बसत नाही, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, "पोरं कोर्टाच्या पायऱ्या बघून मागे फिरतात. झेरॉक्सला मात्र यावंच लागतं."

त्या खुर्चीसमोर कोण कोण यायचं! एकाच्या खोलीला मालकाने कुलूप घातलेलं, परीक्षा तोंडावर आणि पुस्तकं आत. एकीचा जुना मित्र फोटो पसरवायची धमकी देत होता. तिने घाबरून सगळे मेसेज पुसायला घेतले, तर बाईंनी तिच्या हातातला फोनच काढून घेतला. "पुसायचं काही नाही. हाच पुरावा आहे. चल, चप्पल घाल." आणि स्वतः तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. एका पोराने मित्राला आपलं बँकेचं खातं वापरायला दिलेलं. त्यात कुणाला तरी लुबाडलेले पैसे आले आणि खातं गोठलं. पोरगा म्हणत होता, "मी काय केलं नाय बाई, फक्त वापरायला दिलं."

"तुझा बैल वापरायला दिलास आणि त्याने दुसऱ्याचं शेत तुडवलं, तर शेतवाला कुणाच्या दारात येईल रे?"

मग बाईंनी त्याच्याकडून सगळं क्रमाने लिहून घेतलं आणि त्याला सायबर पोलिसांकडे पाठवलं, बापाला बरोबर घेऊन जायच्या अटीवर.

"घाबरू नका" असं त्या कुणालाही म्हणायच्या नाहीत. म्हणायच्या, "खुशाल घाबर. पण तारीख चुकवू नको." बोलताना पदराच्या गाठीतून लवंग काढून दाढेखाली धरत. आम्हाला वाटायचं, कोर्टात बोलून बोलून घसा बसत असेल.

मी गवताचा व्यापारी. शेणव्याकडच्या माळांवरचं गवत विकत घ्यायचं, गठाणी बांधायच्या आणि तबेल्यांना घालायच्या. सुरुवात दुसऱ्याच्या विळ्यावर केली, आज वखार माझी आहे. समोरच्याने सांगितलेल्या पहिल्या भावाला मी आजवर हो म्हटलेलं नाही. त्यामुळे फुकट वकील म्हटल्यावर माझा विश्वास बसेना. बाईंना तोंडावर म्हणालो, "फुकटचं गवत कुजकंच निघतं, बाई."

"मग गठाण फोडून बघा की गवतवाले," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला फुकट नाहीच. फुकट आहे ते तुमच्या मुलीला. बाईमाणूस असलं की बापाची कमाई विचारत नाहीत. तुम्ही जरा बाजूला सरका, मला तिच्याशी बोलू द्या."

सुवर्णाने क्रमाने सांगितलं. प्रवेशाच्या वेळी मी कापणीत अडकलेलो, म्हणून तिच्याबरोबर तिचे मामा गेले. मामांचा सगळा जन्म बैलबाजारात गेला. त्यांच्याकडे सौदा ठरला की घेणारा आपला टॉवेल विकणाऱ्याच्या खांद्यावर टाकतो. ती खूण. खूण दिल्यावर पावती मागायची म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणायचं. संस्थेच्या अध्यक्षाने चहा पाजला, मामा विरघळले. दाखल्यांची पिशवी त्याच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच सायेब, आमचा शबूद म्हणून." पोर म्हणत होती, झेरॉक्स द्या, तर तिलाच डोळे वटारले.

बाई मामांवर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मामा, बैलबाजारात दोघंही शेतकरी असतात. इथे एकच होता."

सरकारी नर्सिंग कॉलेजात सुवर्णाला जागा मिळत होती. मूळ दाखले दाखवायची मुदत जवळ आलेली. बाईंनी समितीकडून संस्थेला बोलावणं धाडलं. पहिल्या तारखेला कुणी आलंच नाही. दुसऱ्या तारखेला एक कारकून आला आणि अध्यक्ष बाहेरगावी आहेत म्हणाला. माझं डोकं फिरलं. मी तडक संस्थेत गेलो. बाहेरगावचे अध्यक्ष केबिनमध्ये पेरू खात बसलेले. म्हणाले, "उरलेल्या वर्षांची फी भरा, दाखले न्या." मी ओरडलो, टेबल बडवलं, उठून दारापर्यंत गेलो, परत आलो. शेवटी सौदा निम्म्यावर आणला. खरं सांगतो, मला आनंद झाला. निम्मा भाव म्हणजे माझ्या धंद्यात जिंकणं.

शनिवारी बाईंना हे सांगितलं. त्यांनी लवंग दाढेखाली सरकवली.

"गवतवाले, रात्री कुणी तुमची वखार फोडली आणि सकाळी तुमचंच गवत तुम्हाला निम्म्या भावात देऊ केलं, तर घ्याल?"

"त्याचे हात तोडीन."

"मग?"

"मग मुदत जाते ना बाई! तुमी तत्त्व सांगाल, पोर घरात बसंल."

बाई सुवर्णाकडे वळल्या. "दाखले अडवायचा त्यांना अधिकार नाही. ते मी सोडवीन. मुदतीत सोडवीन असं मात्र सांगणार नाही. खोटं बोलले तर तुझ्या अध्यक्षात आणि माझ्यात फरक काय? दाखले तुझे आहेत. तू ठरव."

सुवर्णा माझ्याकडे बघत नव्हती. झेरॉक्सच्या मशीनकडे बघत म्हणाली, "बाबा, नको देऊ. वर्गातल्या बाकीच्या पोरींचे बाप कुठनं देतील?"

तिसऱ्या तारखेला दाखले आले. शिपायाबरोबर, मामांनी दिले त्याच पिशवीत. माफी नाही, खुलासा नाही. आणि मुदत संपलेली. सुवर्णाच्या मागोमाग वर्गातल्या बाकीच्या पोरी दाखले मागायला गेल्या. त्यांचे दाखले संस्थेने तोंडातून शब्द न काढता परत दिले. माझी पोर वर्षभर घरी बसली. असा सौदा मी जन्मात केला नव्हता, आपला माल घालवून दुसऱ्यांचा बाजार उघडायचा.

मी बाईंना सोडलं नाही. भर दुकानात, पोरांच्या देखत म्हणालो, "तुमच्या तत्त्वापायी माझ्या पोरीचं वर्ष गेलं."

मला वाटलं, त्या वाद घालतील. वाद घालणाऱ्याशी कसं लढायचं ते मला येतं. बाई म्हणाल्या, "गेलं. ते माझ्या नावावर मांडा." आणि खोकल्या. बराच वेळ खोकल्या. रुमाल तोंडाला लावला तो घाईने मुठीत दाबला. त्या दिवशी कळलं, लवंग बसलेल्या घशासाठी नव्हती, हा खोकला दाबायला होती. सुवर्णाच्या तिन्ही तारखांना ही बाई ताप अंगात घेऊन मुरबाडहून शहापूरला एसटीने उभी राहून गेली होती. माझी गाडी वखारीत उभी असते. तिने कधी म्हटलं नाही, मीही कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी सुवर्णाला ठाण्याला जागा मिळाली. यादी लागली तेव्हा बाई नव्हत्या. सुवर्णा झेरॉक्सच्या दुकानात गेली. खुर्ची तिथेच होती, तिच्यावर दुकानदाराने कागदाचे गठ्ठे रचलेले. ती एक एक गठ्ठा उचलून खाली ठेवत राहिली.

मुरबाडला शोकसभा झाली. बाईंनी वाचवलेली पोरं मागे भिंतीला टेकून उभी, आणि पुढच्या खुर्चीत कोण, तर आमचे अध्यक्ष! त्यांना बोलायलाही उठवलं. डोळ्याला रुमाल लावून म्हणाले, "आज मला पोरकं वाटतंय. विद्यार्थ्यांची आई गेली. आमच्या संस्थेवर बाईंचं फार प्रेम होतं."

मी उठलो. बाजूच्याने शर्ट ओढला, "शेठ, शोकसभा हाय." मी शर्ट सोडवला. म्हणालो, "अध्यक्ष, कसं वाटलं ते मग. आधी काय झालं ते सांगा."

मागची पोरं एकदम सरळ उभी राहिली. अध्यक्षांनी पाणी मागितलं, घड्याळ बघितलं आणि गाडीत बसून गेले.

तेव्हा उत्तर मिळालं नाही म्हणून आता लिहून विचारतोय. मान्यता नसताना पोरींना वर्गात का बसवलंत? त्यांचे दाखले कुठल्या अधिकाराने कपाटात ठेवलेत? माझ्या पोरीचं वर्ष बाई आपल्या नावावर घेऊन गेल्या, ते त्यांचं नव्हतं. तुमचं आहे. या, त्या झेरॉक्सच्या दुकानात, त्याच खुर्चीसमोर उभे राहा, आणि आधी काय झालं ते सांगा.