दातेबाईंची पाती

हार्डवेअरच्या दुकानात करवतीची पाती विकणाऱ्या बाईंना सगळे दातेबाई म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण "किती दातांचं हवं?" असं विचारून त्या गिऱ्हाइकाला भंडावून सोडत, म्हणून हे नाव चिकटलं. पातळ पत्र्याला बारीक दात, जाड लोखंडाला मोठे, खिळे ठोकलेल्या लाकडाला आणखी निराळे. पूर्वी एकदा घाईत त्यांनी भलतंच पातं दिलं आणि ते तुटून एका प्लंबरच्या गालात घुसलं. तेव्हापासून पातं विकलं की ते काम पार पडेपर्यंत त्यांच्या जिवाला चैन नसे.

त्या दुपारी दोन गल्ल्यांपलीकडच्या बेकरीतला फिटर धापा टाकत आला. कणीक मळायच्या यंत्रात कामावरच्या एका बाईचा हात अडकला होता.

"यंत्राची वीज तोडलीय, पण दांडा उलटा फिरत नाही. अग्निशमनवाल्यांना पाऊण तास लागेल. ग्राइंडर लावला तर ठिणग्या तिच्या हातावर उडतील. विजेची पुढे-मागे चालणारी करवत आहे माझ्याकडे, पातं द्या!"

"दांडा कशाचा? केवढा जाड?"

"लोखंडाचा, अंगठ्याएवढा! काहीही द्या हो!"

त्यांनी जाड लोखंडाचं, इंचाला दहा दातांचं पातं काढून दिलं. फिटर पळाला.

दातेबाई खुर्चीत टेकल्या, उठल्या, दारापर्यंत जाऊन परत आल्या. खिळ्यांची खोकी उगाच या फळीवरून त्या फळीवर ठेवली. एकाएकी त्या थबकल्या. रोज मणभर कणीक फिरवणारा दांडा साध्या लोखंडाचा कशाला असेल? तो कडक केलेल्या पोलादाचा असणार, आणि त्यावर ते दात खडूसारखे झिजणार. फिटरचा फोन नुसता वाजत राहिला.

"मालक, काउंटर बघा!" म्हणत त्यांनी पोलादालाही पुरून उरणारी, कार्बाइडच्या दातांची दोन पाती उचलली आणि पदर खोचून धाव घेतली.

बेकरीत फिटर घामाने निथळत होता. पात्याचे दात गुळगुळीत झालेले, दांड्यावर नुसता ओरखडा. अडकलेल्या बाईला कामावरच्या दोघींनी मागून धरलं होतं. ती ओठ चावून उभी होती. दातेबाईंनी तिकडे नजर वळवली नाही.

"हे लाव. वेग निम्मा कर. करवतीचं तोंड दांड्याला घट्ट टेकव, नाहीतर थडथडून तिला झटके बसतील. दाबू नकोस, पात्याला कापू दे. मधे मधे तेल सोड."

पहिलं पातं निम्म्यात बोथटलं. दुसऱ्याने दांडा तुटेपर्यंत दातेबाईंनी स्वतःच्या बोटांची नखं कुरतडून ठेवली. हात बाहेर आला तेव्हा सुजून निळा पडला होता, पण बोटं हलत होती.

महिन्याभराने ती बाई हाताला पट्टी बांधून दुकानात आली.

"त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. मला वाटलं, रागावलात की काय माझ्यावर."

"अगं, बघितलं असतं तर रडू फुटलं असतं मला," दातेबाई म्हणाल्या. "मग फिटरला कसं कापायचं ते कोणी सांगितलं असतं?"

ती हसली. दातेबाईंनी तिला आपली खुर्ची दिली आणि स्वतः मात्र उभ्याच राहिल्या.