कोरडा बॉयलर आणि दोन बादल्या

"काका, वाफ बंद झाली," सुमनताई फोनवर म्हणाल्या. तेव्हा मी बिरवाडीत एका गिऱ्हाइकाच्या गच्चीवर पाइप मोजत होतो. आता जवळ जाऊन पाणी ओतता येईल म्हणून त्यांना ती चांगली बातमी वाटत होती. माझ्या हातातला टेप खाली पडला.

सुमनताई आणि त्यांचा नवरा दत्ता आंबेनळी घाटात चार खोल्यांचं होमस्टे चालवतात. छपरावर सोलर आहे, पण धुक्याच्या दिवसांत ते नुसतं शोभेला. म्हणून महिनाभरापूर्वी मी त्यांना घराबाहेर लाकडावरचा बॉयलर बसवून दिला आणि सोलरच्याच टाकीला जोडला. बॉयलर म्हणजे लोखंडी पिंपच, मध्ये जाळ आणि भोवती पाणी. धूर पाहुण्यांना नको म्हणून तो मागच्या टेकाडावर, टाकीच्याही वर गेला. पाणी वर चढवायला पंप लावला. उकळलंच तर वाफ निघून जावी म्हणून डोक्यावर एक उघडा पाइप ठेवला. त्याला व्हेंट म्हणतात.

त्या दिवशी सकाळी लाइट गेली आणि पंप थांबला. दत्ता पाहुण्यांना घेऊन महाबळेश्वरला गेलेला. जाताना ऐनाचे जाड ओंडके आत भरून गेला होता. गीझरचं बटण बंद करता येतं, ओंडक्याला बटण नसतं. व्हेंटमधून वाफ येत होती तोवर ठीक होतं. ती थांबली म्हणजे आतलं पाणी संपलं होतं आणि रिकामा पत्रा तापत चालला होता.

"आत टिक टिक वाजतंय," सुमनताई म्हणाल्या. "रंग जळल्याचा वास येतोय. दोन बादल्या भरून ठेवल्यात. ओतू?"

"ओतू नका. बादली खाली ठेवा."

"अवो, पन कोरडा बंब पेटला तर जोडाचा डाख सुटतो ना? नवा हाय तो."

त्यांचं काही चुकत नव्हतं. आपल्याकडे तांब्याच्या बंबाची सवय. वरून गार पाणी ओतायचं, तेवढंच गरम बाहेर येतं, आणि बंब रिकामा ठेवायचा नाही हे पोरीबाळींना लहानपणापासून बजावलेलं. पण लालबुंद पत्र्यावर पडलेल्या पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते आणि तिला हजारपटीहून जास्त जागा लागते. एवढी वाफ एका व्हेंटमधून निघत नाही. ती ओतणाऱ्याच्या तोंडावर येते.

आणि ओतायला जागा मीच करून दिली होती. लाइट गेली तर हाताने पाणी घालायला बंबासारखं नरसाळं पाहिजे, असा सुमनताईंचा हट्ट होता. मी थोडी कुरकुर केली आणि कॉक लावून नरसाळं बसवून टाकलं.

"सुमन, लांब हो तिथून," मी ओरडलो. फोन कट झाला. पुन्हा लावला तर कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर.

त्यांनी ऐकलं की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. मी मोटरसायकल काढली. पोलादपूर येईपर्यंत तीनदा थांबून फोन लावला. महाडच्या फॅक्टरीत मी तीस वर्षं बॉयलरवर काढली. वाफेने भाजलेल्या माणसाचा हातमोजा ओढताना त्याच्याबरोबर कातडी आलेली मी पाहिली आहे. घाटातल्या प्रत्येक वळणावर मला तो हात दिसत होता आणि त्यापुढे सुमनताईंचा चेहरा. मी भयंकर घाबरलो होतो.

सुमनताई रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या होत्या. धडधाकट. मी मोटरसायकल तिथेच कठड्याला टेकवली.

"कॉक उघडला व्हता," त्या म्हणाल्या. "बादली उचलली व्हती. पन तुमचा आवाज कापत व्हता. एवढी वर्षं बॉयलरवर काढलेला मानूस भितो, तर आपन कशाला जायाचं?"

बॉयलरपाशी दोन्ही बादल्या काठोकाठ भरलेल्या होत्या. मी लांब काठीने खालचं हवेचं दार लोटून बंद केलं आणि आम्ही संध्याकाळपर्यंत जाळ विझायची वाट पाहिली. पत्रा एका बाजूने फुगला होता, जोड उकलला होता. दुसऱ्या दिवशी मी नरसाळं कापून टाकलं आणि पंपाला इन्व्हर्टर जोडून दिला.

सुमनताई शेजारी उभ्या होत्या.

"नरसाळं धोक्याचं हाय, तुम्हाला म्हायत व्हतं?"

"होतं."

"मग मी मागितलं तवा 'नाय' का नाय म्हणालात?"

फॅक्टरीत 'नाही' म्हणायला नियमांचं पुस्तक होतं, इन्स्पेक्टर होता. साहेबाने मागितलं तरी मी पुस्तकाकडे बोट दाखवून मोकळा व्हायचो. तीस वर्षांत 'नाही' हा शब्द मी स्वतःच्या तोंडाने एकदाही म्हटला नव्हता, हे मला त्या टेकाडावर कळलं.