आरतीसाठी बंद केलेली सोय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ऑफिसात तर नाहीच. सांगायला लागले की आधी त्या दिवसाच्या फुशारक्याच तोंडातून येतात — आणि आजही येणार आहेत, ऐकून घ्या. कारण तो दिवस माझा होता.

मी पनवेलला राहते आणि उरणजवळ द्रोणागिरीतल्या एका मोठ्या गोदामाचं नेटवर्क सांभाळते. त्या हिवाळ्यात आमचे हातातले स्कॅनर मान टाकायला लागले. खोक्यावर धरायचा, बटण दाबायचं आणि बघत बसायचं. बाहेर ट्रेलर पार रस्त्यापर्यंत खोळंबले. मुंबईहून चकचकीत बॅगा घेऊन तज्ज्ञ आले आणि हात हलवत परत गेले. सगळ्यांचं बोट मात्र एकाच माणसाकडे — विलासदादांकडे. मोरा बंदराकडचे, कॅमेरे बसवणारे. दिवाळीनंतर त्यांनी गोदामभर नवे कॅमेरे लावले आणि त्यानंतरच हा ताप सुरू झाला. मग दुसरं कोण असणार?

मी हट्टी आहे. कोपऱ्यातल्या एका रिकाम्या सॉकेटला लॅपटॉप जोडला. त्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं, तरी धो धो येत होतं — सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र, एकदम. अंगावर काटा आला. स्विच म्हणजे सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात ती पेटी. कुणाला काय हवंय ते तिने ऐकायचं आणि त्यालाच द्यायचं. इथे ती एका घरचा निरोप गावभर भोंग्यावरून सांगत सुटली होती, आणि वायफायवरचे बिचारे स्कॅनर त्यात गुदमरत होते. ऐकण्याची ती सोयच बंद होती. मी ती चालू केली, कुणाला काय हवंय हे विचारत राहायचं काम मुख्य स्विचला लावून दिलं — आणि गोदामभर स्कॅनर टीं टीं करायला लागले. हमालांनी शिट्ट्या मारल्या. शेठनी सगळ्यांसमोर मला शाल पांघरवली, नारळ दिला. मला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता.

पण सोय बंद केली होती कुणी?

इथेच मी दर वेळी थांबते. गणपतीत आमच्याकडे आरती तळमजल्यावर होते आणि नेटवर्कवरच्या स्पीकरांतून मजल्यामजल्यावर ऐकू जाते. ज्याने त्याने आपापल्या जागी हात जोडायचे. त्या वर्षी ती मध्येच तुटायची. शेठ हातात तबक घेऊन माझ्याकडे बघत होते. मी घाईघाईत ती सोय बंद केली, म्हणजे स्विच न विचारता सगळ्यांनाच सगळं देईल; आरती शेवटपर्यंत गेली, कॅमेरे यायचे होते तोवर काही बिघडलंही नाही, मी मोदक खाल्ला आणि विसरले. स्विचचा पासवर्ड एकट्या माझ्याकडे. त्या दिवशी ती बंद दिसली, त्याच क्षणी मला सगळं आठवलं होतं. शाल खांद्यावर पडायच्या कितीतरी आधी.

शेठनी विचारलं, घोळ कुठे होता. मी म्हणाले — कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये. का म्हणाले? टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या, आणि मला त्या थांबायला नको होत्या. विलासदादा मागेच उभे होते.

"ताय, माजं काय चुकलं ते दाखवा ना. परत तसं करनार नाय."

मी दाखवलं. हो, लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवून, अगदी बरोबर असलेल्या एका सेटिंगवर बोट ठेवून. त्यांचं कंत्राट गेलं. बंदराकडच्या गोदामांत बातमी पसरायला वेळ लागत नाही, पुढे बराच काळ त्यांना कुणी दारात उभं केलं नाही.

परवा उरणच्या बाजारात ते भेटले. आता आपटा गावाकडे फार्महाऊसवर कॅमेरे लावतात. बायकोला हाक मारून माझ्यासमोर आणलं.

"ह्याच त्या ताय. माजी चूक ह्यांनीच शोधली. अजून पन परत्येक कॅमेऱ्याला ते सेटिंग बदलतो, ह्यांनी दाखवलं तसंच."

त्या बाईंनी मला वाकून नमस्कार केला. आणि मी — मी तो घेतला.