आईचा अर्धा नंबर

आमच्या दुकानातले जोडे माझ्या आईच्या पायावर बेतलेले असतात, असं मी शाळेत तोऱ्यात सांगायचे आणि पोरी खो खो हसायच्या. हसोत बापड्या. त्यांच्या आयांचे पाय कुणाच्या कामी आले नव्हते.

चार पिढ्यांचं आमचं जोड्यांचं दुकान आणि मागे कारखाना. कारखाना हा शब्द मोठा झाला. ती एक लांबट खोली होती. एका भिंतीला खिडक्या, दुसऱ्या भिंतीवर लाकडी पायांच्या रांगा. त्यांना फर्मे म्हणत. फर्म्यावर चामडं ताणून जोडा शिवायचा. नवा घाट निघाला की पहिला जोड एकाच ठरलेल्या मापात करून तो खऱ्याखुऱ्या पायात घालून पाहायचा, ही आजोबांची रीत. आजी होती तोवर तिचा पाय चालला. ती गेली आणि आजोबांची पंचाईत झाली. एकुलता एक मुलगा, म्हणजे माझे बाबा, चामड्याच्या वासानं शिंकायचे, म्हणून ते शाळेत भूगोल शिकवायला पळाले होते. त्यांनी लग्न करून आईला घरी आणलं, तेव्हा आजोबांनी सुनेच्या तोंडाआधी तिचे पाय बघितले.

"सूनबाई, जरा उभी राहा," म्हणत त्यांनी टेप लावली आणि ओरडले, "अगदी नमुना आहे हो!"

"मला वाटलं, मलाच नावं ठेवतायत," आई अजून सांगते.

दुसऱ्या दिवसापासून ती कारखान्यातल्या स्टुलावर पाय पुढे करून बसू लागली. आधी नुसता पाय. मग पायाबरोबर तोंडही चालू झालं. इथे करंगळीला लागतंय, तिथे टाच निसटतेय. टाचा बसवणारे थोरले कारागीर, ज्यांना सगळेच टाचकाका म्हणत, ते कुरकुरायचे, "पाय बोलायला लागला, आता आपलं काही खरं नाही." पण ती बोलायची ते बरोबर निघायचं. दोन वर्षांत परदेशच्या दुकानदारांना पत्रं तीच लिहू लागली, चामडंही तीच निवडू लागली. तरी आजोबांच्या लेखी ती पाय देणारी सूनच होती.

मग मी झाले. चौथ्या महिन्यात आई मला टोपलीत घालून कामावर हजर. टोपली कातरणीच्या ढिगाशेजारी असायची. रापीचं पातं चामडं कापत जातानाचा तो करकर आवाज, मेण लावलेल्या दोऱ्याचा वास, खिडकीतून येणाऱ्या उन्हात तरंगणारा बारीक भुसा... माझं बालपण कुठे गेलं असं कुणी विचारलं तर मी त्या खोलीकडे बोट दाखवीन. आता तिथे यंत्रं आहेत, उजेडही भरपूर आहे, आणि मला तिथे करमत नाही.

त्याच सुमारास, आईच्या पत्रांना फळ येऊन, चार देशांतल्या दुकानांसाठी चारशे जोड जायचे होते. आमच्या घराण्याचा निमुळता, हातानं शिवलेला घाट इतक्या लांब पहिल्यांदाच निघाला होता. आईनं नमुना पायात घातला. "चवड्याला आवळतोय," ती म्हणाली. फर्मा फुगवला. "आता कसा झकास बसला." माल रवाना झाला, आणि तीन महिन्यांत खोकी परत यायला लागली. तक्रार एकच: सैल होतात, चालताना निसटतात.

आजोबांनी फर्मे तपासले, चामडं तपासलं, सगळ्यांना फैलावर घेतलं. शेवटी टाचकाकांनी हळूच आईच्या पायाकडे पाहिलं. टेप आली. बाळंतपणात आईचा पाय अर्ध्या नंबरानं वाढला होता आणि पसरलाही होता. खोलीभर पायांची मापं कोळून प्यालेले लोक, पण हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आणि जिचा पाय होता तिला महिनोन्महिने धड झोप नव्हती. तिला स्वतःचा पाय कुठला आठवायला?

"दुसरा पाय शोधायला हवा," आजोबा म्हणाले. "आणि सूनबाई, तू आता घरीच थांब. पोर लहान आहे."

ते दुष्टपणानं बोलले नाहीत, पण आईच्या पायाखालची जमीन सरकली. तिला ती खोली हवी होती. तिथली पत्रं, तिथले वाद, टाचकाकांची कुरकुर, सगळं हवं होतं. दोन दिवस ती परत आलेल्या खोक्यांमध्ये बसून राहिली आणि तिसऱ्या दिवशी आजोबांपुढे उभी राहिली.

"मामंजी, चारशे गेले, दोनशे चाळीस परत आले. बाकीचे कोण घालतंय?"

"असेल कुणीतरी."

"कुणीतरी म्हणजे कोण? मी जाऊन बघून येते."

"आणि पोर?"

"तुम्ही सांभाळा. माझा पाय गेला ना कामातून? आता डोकं वापरून बघते. नाही जमलं तर घरी बसेन, पुन्हा तोंड उघडणार नाही."

मी तेव्हा अकरा महिन्यांची होते. आई तीन आठवडे गेली. चार देश, एकाचीही भाषा धड येत नव्हती. दुकानांच्या मागच्या खोल्यांत बसून, जोड ठेवून घेतलेल्या बायकांना ती बोलावून घ्यायची आणि आधी माझा फोटो दाखवायची. मग त्या आपापल्या पोरांचे फोटो काढायच्या. एकीनं तीन बोटं दाखवली, मग आपल्या पायाकडे बोट केलं आणि दोन्ही हात फाकवून दाखवले. एवढं कळायला भाषा कशाला लागते? कुठे जाड लोकरी मोजे, कुठे दारात जोडे काढायची सवय म्हणून टाच दाबून घातलेले, पण बहुतेक पाय आयांचे होते. आईनं कागदावर एक्केचाळीस पाय उतरवून घेतले.

ती परतली त्या संध्याकाळी मी कारखान्याच्या दारातून तिच्याकडे चालत गेले. पहिलं पाऊल! आईनं टाळ्या वाजवल्या, बाबांनी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी आजोबांनी सगळे कागद मांडले आणि लाकूड तासायला घेतलं. तेव्हापासून आमचा जोड दोन रुंदींत निघतो, एक जुनी आणि एक आईच्या पायाची. दहा वर्षांनी आजोबांची खुर्ची आईला मिळाली, आणि आज अकरा देशांत आमच्या नावाची पाटी आहे.

मी कॉलेजात असताना टाचकाकांनी मला एक गोष्ट सांगितली, आईला न सांगण्याच्या अटीवर. आईनं पहिल्या पंधरा पायांचे कागद टपालानं पुढे पाठवले होते. आजोबा ते जमिनीवर पसरून बघत होते, आणि मी बाकाचा आधार सोडून कागद पकडायला चार पावलं चालत गेले. सगळे ओरडले. आजोबा मात्र गंभीर झाले.

"सूनबाई येईपर्यंत ही पोर चाललेली नाही. समजलं? तिला कळलं तर ती पुन्हा उंबरा ओलांडायची नाही. आणि तिच्याशिवाय आता आपलं कसं व्हायचं?"

सात-आठ दिवस सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं. पुढे मीही लावलं.

गेल्या महिन्यात आईनं खुर्ची सोडली. आजोबा नाहीत, टाचकाका नाहीत. आता कुणाला जपायचं, म्हणून मी चहा पिताना तिला म्हटलं, "आई, रागावू नकोस. तू आलीस तेव्हा मी पहिल्यांदा चालले नव्हते."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून. तुला उचललं आणि तुझ्या पायातला जोड बघितला, मामंजींनीच शिवलेला. तळ टाचेशी झिजलेले. रांगणारी पोर टाच कशाला झिजवेल? सगळे जोडेवाले, आणि पुरावा तुझ्याच पायात सोडला येड्यांनी."

ती हसली. मला हसता आलं नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मामंजींना लागलं असतं. त्यांनी मला पुन्हा कधी बाहेर पाठवलं नसतं. आणि मला जायचं होतं गं."

तिनं कप खाली ठेवला.

"न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले. मग तोंड धुऊन बाहेर आले आणि तुला म्हटलं, चल, अजून एकदा चालून दाखव."