लिसांद्रोच्या मशीनचे वाटेकरी

वादळात झाड पडलं म्हणून क्लोरिंदाबाईंचं डोकं फिरलं नव्हतं. आमच्या चिलोए बेटावर झाडं पडतच असतात. डोकं फिरवलं ते बेलार्मिनोनं, त्यांच्या धाकट्या दिरानं. घरातून समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेवर भलामोठा कोइग्वेचा वृक्ष आडवा झाला होता, आणि हा गृहस्थ त्याच्यावर पाय ठेवून असा उभा, की जणू यानंच शिकार केलीय.

"वहिनी, काळजी नको. मी कापतो. निम्मं तुमचं, निम्मं माझं."

ज्याचं कापायचं मशीन त्याला निम्मं लाकूड, ही रीत जुनीच. पण निम्म्या लाकडात क्लोरिंदाबाईंची चूल भर थंडीत विझली असती, आणि मग याच दिरापुढे सरपणासाठी हात पसरावा लागला असता. हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून तर आवाजात एवढा मध.

त्यानं चेनसॉ जमिनीवर टेकवला आणि दोरी ओढली. क्लोरिंदाबाईंची नजर दोरीच्या मुठीवर गेली. लुमाच्या चिवट लाकडाची मूठ, तिच्यावर तापल्या खिळ्यानं डागलेलं 'क'. प्लॅस्टिकची मूठ तुटली तेव्हा नवऱ्यानं, लिसांद्रोनं, स्वतःच्या हातानं कोरली होती ती. अख्ख्या बेटावर तशी दुसरी नव्हती.

"भावोजी, ही मूठ कुठली?"

"मूठ? मूठ म्हणजे... मूठच आहे की."

"आणि हे 'क' कशाचं?"

"करवतीचं असेल!"

क्लोरिंदाबाई वळल्या आणि तडक शेडमध्ये गेल्या. लिसांद्रो गेल्यापासून त्याचं मशीन तिथं पोत्याखाली टांगलेलं होतं. पोतं ओढलं, आणि खाली काय? कोकराचं जेवण उरकल्यावर ताटात उरतो तसला सांगाडा. पाती नाही, साखळी नाही, कार्बुरेटर नाही, दोरी नाही. टाकीचं झाकणसुद्धा कुणीतरी लांबवलेलं.

आता हे कधी झालं, ते बेटावर सगळ्यांना माहीत होतं, फक्त क्लोरिंदाबाईंना सोडून. लिसांद्रोच्या मागे नऊ दिवस घरात प्रार्थना चालल्या. बायका आत जपमाळ ओढत होत्या, पुरुष मंडळी 'जरा मोकळ्या हवेत' म्हणून शेडकडे जात होती. येताना अंगावरचा पोंचो सपाट, जाताना फुगलेला. बेटावर सगळ्यांची मशीनं एकाच दुकानातली, एकाच जातीची. एकाचा अवयव दुसऱ्याला चपखल बसतो. मेलेल्याच्या आत्म्याला शांती आणि आपल्या मशीनला पाती, दोन्ही एकाच खेपेत.

"माझ्याच घरचं जेवले," क्लोरिंदाबाई शेडमध्ये एकट्याच ओरडल्या, "माझ्याच खांद्यावर हात ठेवून रडले, आणि मलाच लुटून गेले!"

पहिला मोर्चा ओविदिओकडे. हा त्यांच्या थोरल्या लेकीचा धर्मबाप, म्हणजे घरातलाच. कार्बुरेटरपायी बंद पडलेलं त्याचं मशीन त्या नऊ दिवसांनंतर अचानक गुरगुरू लागलं होतं. त्यानं चुलीजवळची खुर्ची दिली, कडू माते, म्हणजे आमचा नळीनं ओढायचा पाल्याचा चहा, पाजला, गरम पाव पुढे केला, लोणी दिलं. कार्बुरेटर सोडून सगळं दिलं.

"बाई, तो लिसांद्रोनंच मला दिला होता."

"कधी?"

"झाला की... नोव्हेंबरात."

"ते सप्टेंबरात गेले, ओविदिओभाऊ."

ओविदिओनं मातेची नळी जरा जास्तच वेळ तोंडात धरली. "मग जायच्या आधी कबूल केलं असेल. माणूस मनानं फार मोठा."

"मनानं मोठा होता, म्हणून तुम्ही मशीननं मोठे झालात!"

पुढच्या घरीही तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. माते, पाव, लोणी, आणि "उद्या बघू". संध्याकाळपर्यंत क्लोरिंदाबाईंचं पोट तुडुंब भरलं होतं आणि पिशवी रिकामी. शिवाय ओविदिओची बायको दारापर्यंत पोचवायला येऊन हळूच म्हणाली, "अहो, बाईमाणसाला कशाला हवंय मशीन? दीर आहे की." त्या वाक्यानं तर आगीत तेलच पडलं. लिसांद्रोच्या हयातीत ओंडक्याचं दुसरं टोक कोण धरत होतं? साखळीला कानस कोण मारत होतं? ही बया?

दोन दिवसांनी क्लोरिंदाबाई धुतलेली शाल पांघरून पुन्हा त्याच दारांवर गेल्या, पण या वेळी मिंगेची विनवणी करायला. मिंगा म्हणजे गावानं मिळून एकाचं काम उरकायचं आणि त्यानं सगळ्यांना पोटभर घालायचं. दारात उभं राहून रीतसर विनवणी केली, की आमच्याकडे नाही म्हणता येत नाही. आणि एकदा मिंगेचं अन्न पोटात गेलं, की यजमान 'झालं' म्हणेपर्यंत हलता येत नाही. चोरी पचते इथं. मिंगेतून पळालेला पचत नाही.

"मशीन घेऊन या हं," एवढंच त्या म्हणाल्या.

सगळ्यांना वाटलं, झाडाचं काम. बेलार्मिनोला वाटलं, वहिनी नरमली. तो तर नवी टोपी घालून आला.

क्लोरिंदाबाईंनी आधी जेवायला बसवलं. अख्खं कोकरू, चरबीत तळलेले बटाट्याचे मिल्काओ, सफरचंदाची आंबट दारू, चिचा. मंडळींनी बोटं चाटली. बाहेर वळचणीला मशीनं ओळीनं ठेवलेली, आणि त्यांच्यासमोर पाना घेऊन बसलेले म्हातारे आर्सेनियो. सगळी हयात मशीनं दुरुस्त करण्यात गेल्यामुळे त्यांना अर्धं ऐकू येत नाही, आणि उरलेलं अर्धं ते ऐकत नाहीत.

शेवटचा घास गेल्यावर क्लोरिंदाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. हातात लिसांद्रोचा सांगाडा.

"मिंगेचं काम हे. हे मशीन जुळवायचं."

"हे काय मिंगेचं काम झालं?" बेलार्मिनो उसळला.

"कोकरू गेलं ना पोटात? मग झालं."

बाहेरून आर्सेनियोंची आरोळी आली, "कार्बुरेटर, ओविदिओचा!"

"माझा!" क्लोरिंदाबाई ओरडल्या.

"आँ? पाती, सेगुंदोची!"

"तीही माझी!"

एकेका आरोळीसरशी एकेक मान खाली जात होती. सेगुंदो पुटपुटला, "आता मी काय दातानं कापू?" कुणी हसलंसुद्धा नाही. साखळी आली, दोरी आली, लुमाची मूठ आली, झाकण आलं, बेलार्मिनोच्या मशीनमधून ठिणगी पाडणारे पॉइंटही निघाले. सगळं बसलं, आणि तरी ठिणगी पडेना.

"मॅग्नेटचं चाक कुठाय?" आर्सेनियोंनी विचारलं.

"भावोजी!" क्लोरिंदाबाई गरजल्या. "पॉइंट त्या चाकामागे असतात. तुम्ही ते काढलंत. भावाचं मशीन सोलताना हात थरथरले नाहीत? आणा इकडे!"

"आईशप्पथ, वहिनी! चाक मी तिथंच बाकावर ठेवलं होतं! माझ्याकडे माझं आहे!"

"खोटारडा! दरोडेखोर! नव्या टोपीचा चोर!"

"गोल असतं," आर्सेनियो मधेच शांतपणे सांगत होते, "जड असतं. लोखंड चिकटतं त्याला."

सगळ्यांच्या नजरा एकदम एकाच ठिकाणी गेल्या. खिडकीत क्लोरिंदाबाईंचं शिवणकाम होतं, आणि शिवणकामाशेजारी एक जड, गोल लोखंड, त्याला साळिंदरासारख्या सुया चिकटलेल्या. शेडमधल्या बाकावर सापडलं तेव्हापासून त्यांची एक सुई हरवली नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या कौतुकानं दाखवत असत.

ओविदिओ खोकला. दुसऱ्या कुणाचा चेहरा पडला असता. क्लोरिंदाबाईंचा आणखी लाल झाला.

"बघता काय? काढलं तिथं परत बसवलं असतं, तर माझ्या हाती लागलं असतं का? तेही तुमचंच पाप! टोपी धरा!"

बेलार्मिनोनं नवी टोपी धरली. क्लोरिंदाबाईंनी त्या टोपीत एकेक सुई टाकली आणि चाक आर्सेनियोंच्या हातात दिलं.

त्यांनी ते बसवल्यावर क्लोरिंदाबाईंनी मशीन जमिनीवर टेकवलं, त्यावर पाय दिला आणि लुमाची मूठ ओढली. नुसता खोकला. पुन्हा ओढली. धूर. आर्सेनियोंनी कुठलासा स्क्रू जरासा फिरवला, आणि पुढच्या ओढीला ते असं गरजलं, की कोंबड्या कुंपणापार गेल्या.

"झालं आता?" ओविदिओनं आशेनं विचारलं.

"मी म्हटलं का, झालं?"

झाड क्लोरिंदाबाईंनी स्वतः कापलं. वाघासारखी माणसं पांगळी मशीनं वळचणीला टाकून ओंडके वाहत होती, आणि बेलार्मिनो सुयांची टोपी एका हातात सावरत दुसऱ्यानं ढलप्या गोळा करत होता. लाकडाची रास खिडकीच्या वर गेली तेव्हा कुठे क्लोरिंदाबाई 'झालं' म्हणाल्या. सगळी रास त्यांची. निम्मी नव्हे.

आठवड्यानं बेलार्मिनो दारात आला. "वहिनी, मशीन एक दिवस मिळेल का?"

क्लोरिंदाबाईंनी त्याला चुलीजवळची खुर्ची दिली. माते दिला, गरम पाव दिला, लोणी दिलं. आणि तो जाईपर्यंत एक पाय मशीनवरून काढला नाही.

"उद्या बघू, भावोजी."